साहित्य, नाटक आणि सिनेमा एकत्र शिकलं तर तिन्ही अर्धवट राहतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचायला आवडतं, नाटकांत कामं केली आहेत, सिनेमे तर खंडीभर बघता. या तिन्हींचा मिळून एक पदवी अभ्यासक्रम तुम्हाला सापडलाय, पण सगळे सांगतायत की एक काहीतरी धरा, नाहीतर धड ना इकडचे, धड ना तिकडचे व्हाल.

मी असाच अभ्यासक्रम केला आणि आता बरीच वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा वाचून त्या कुठे अडखळतात ते सांगायचं काम करते. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: घ्या. फक्त तुम्ही दिलेल्या कारणासाठी घेऊ नका. तीन आवडी एका छपराखाली भागतील असं वाटून आलेले माझ्या वर्गात बरेच जण होते, मीही त्यांच्यातलीच. पहिल्या वर्षातच कळलं की आवड म्हणून आपण जे करतो त्याचा इथल्या कामाशी फार दूरचा संबंध आहे. इथे कादंबरीत बुडून जायला वेळ नसतो, नाटकात काम मिळेलच असं नाही, आणि सिनेमा तर एकाच प्रसंगापाशी थांबवून थांबवून इतक्यांदा बघावा लागतो की त्यातली मजा काही दिवस पार निघून जाते. (परत येते. पण वेगळी होऊन येते.)

मग एकत्र शिकायचं कशासाठी? एका दारावरून सांगते.

पहिल्या सत्रात नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं ‘अ डॉल्स हाउस’ होतं, १८७९ चं नाटक. नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून निघून जाते, नवरा खोलीत एकटा उरतो, त्याच्या मनात क्षणभर आशा चमकते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. नाटक संपलं. मी साहित्याच्या सवयीने त्या क्षणी नोराच्या मनात काय चाललं असेल यावर चार पानं लिहून नेली. बाईंनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, “त्या क्षणी रंगमंचावर कोण आहे?”

नोरा नाहीच तिथे. ज्या क्षणासाठी ते नाटक जगभर लक्षात राहिलं, त्या क्षणी नायिका आपल्याला दिसत नाही. दिसतो तो नवरा. तिचं जाणं आपण त्याच्या चेहऱ्यावर बघतो आणि कानाने ऐकतो. मग एकेक प्रश्न सुटायला लागले. दाराचा आवाज कोण काढणार? विंगेतलं कोणीतरी. किती जोरात? नवऱ्याच्या शेवटच्या वाक्यानंतर किती वेळाने? लगेच आला तर तो चपराकीसारखा बसतो. दोन श्वास थांबून आला तर त्या दोन श्वासांत प्रेक्षकाला वाटून जातं की ती परत येईल की काय. छापील पानावर या दोन शक्यतांमध्ये काहीच फरक नाही, तीच एका ओळीची रंगसूचना आहे. फरक तालमीत पडतो.

पुढच्याच आठवड्यात सिनेमाच्या तासाला तोच शेवट, पण प्रश्न उलटा: कॅमेरा कुठे ठेवाल? नवऱ्यापाशी थांबलात तर रंगमंचाच्या जवळ राहिलात. नोराबरोबर जिना उतरून रस्त्यावर आलात तर इब्सेनने मुद्दाम उघडं ठेवलेलं “ती जाणार कुठे?” तुम्ही दाखवायला लागलात, निदान रस्त्याची दिशा तरी. दोन्ही दाखवू म्हणालात तर कोणावरून कोणावर कट करणार, आणि दाराचा आवाज कोणत्या बाजूने ऐकू येणार? आतून की बाहेरून? मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की “दार बंद झालं” हे कादंबरीतलं वाक्य कुठल्याच बाजूला उभं न राहता लिहिता येतं. कॅमेऱ्याला ती सोय नाही.

या दाराची आणखी एक गोष्ट आहे. १८८० मध्ये जर्मनीत हे नाटक करताना नोराची भूमिका करणाऱ्या नटीने शेवट करायला नकार दिला. मी माझी मुलं सोडून कधीच जाणार नाही, असं तिचं म्हणणं. तिथे इब्सेनच्या नाटकाला कायद्याचं संरक्षण नव्हतं, दुसऱ्या कोणीतरी वाटेल तसा शेवट जोडला असता, म्हणून इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला: नवरा नोराला मुलांच्या खोलीच्या दारापर्यंत ओढत नेतो, ती तिथे कोसळते आणि जात नाही. पुढे तो स्वतःच त्याला नाटकावरचा रानटी अत्याचार म्हणाला. साहित्याच्या वर्गात आम्ही संहितेतल्या एकेका शब्दावर भांडत होतो, आणि इथे एका नटीच्या नकाराने अख्खा शेवट फिरला होता. हे दोन वर्ग मी दोन वेगवेगळ्या वर्षी केले असते तर ते एकमेकांवर आपटले नसते. एकाच आठवड्यात होते म्हणून आपटले. माझ्या लेखी एकत्र शिकण्याचा खरा फायदा हा: एका विषयात गृहीत धरलेली गोष्ट दुसऱ्या विषयात उघडी पडते.

साहित्यवाल्यांचं सगळ्यात जुनं गृहीत तर अ‍ॅरिस्टॉटलपासूनचं आहे. शोकात्मिकेची सहा अंगं सांगताना त्याने ‘दृश्य’ हे कलेच्या दृष्टीने सर्वांत कमी महत्त्वाचं ठरवलं. प्रयोग आणि नट नसले तरी शोकात्मिकेचा परिणाम होतो, असं तो म्हणतो. उलट भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृह कसं बांधावं, त्याचे विकृष्ट (लांबट), चतुरस्र (चौरस) आणि त्र्यस्र (त्रिकोणी) असे आकार कोणते, हे दुसऱ्याच अध्यायात येतं. अभिनयाचे प्रकार चार: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (मनातल्या भावांचा). म्हणजे शब्दांच्या वाट्याला चारांतला एक. आमच्याकडे हे दोन ग्रंथ समोरासमोर ठेवून शिकवले आणि तो आठवडा मी अजून विसरलेली नाही. दोघांपैकी बरोबर कोण, हा वाद निष्फळ आहे असं तेव्हाही वाटलं होतं. पण आपण आजवर नाटक ‘वाचताना’ नकळत अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूला बसलो होतो, हे कळायला भरताची गरज लागली.

सिनेमात मी सपशेल आपटले. कथानक मला फार छान सांगता यायचं, त्यामुळे सिनेमा कळतो अशी समजूत होती. पहिला निबंध परत आला तेव्हा समासात लिहिलं होतं: “गोष्ट कळली. सिनेमा कुठे आहे?” मग तीन मिनिटांचा एक प्रसंग घेऊन त्यातला प्रत्येक कट, कॅमेऱ्याची जागा, आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, हे वहीत उतरवायला बसले. अख्खी संध्याकाळ गेली. तुम्ही “सिनेमे खूप बघतो” म्हणता, तर हे एकदा करून बघा. खूप बघणं आणि हे करणं यात, गाणी ऐकणं आणि स्वरलेखन करणं यात आहे तेवढं अंतर आहे.

नाटक आणि सिनेमा एकमेकांत किती गुंतले आहेत ते मला रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हमुळे उमगलं. मॉस्कोमध्ये १९१९ साली चित्रपटाची शाळा निघाली, जगातल्या अगदी पहिल्या अशा शाळांपैकी एक. फिल्मची प्रचंड टंचाई. मग लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी कच्ची फिल्म नसतानाच तालमी करायचे: छोटे छोटे प्रसंग रंगमंचावर बसवायचे, पण असे की जणू मध्ये कट आहेत. ‘फिल्मशिवायच्या फिल्म्स’ म्हणत त्यांना. नटाचा तोच निर्विकार चेहरा आधी सूपच्या वाटीशेजारी, मग शवपेटीशेजारी जोडला तर प्रेक्षकाला त्यावर वेगवेगळे भाव दिसतात, हा त्याचा प्रसिद्ध प्रयोग तुम्ही ऐकला असेल. नाटकवाल्याला हा प्रयोग जरा झोंबतो. आयुष्यभर चेहऱ्यावर मेहनत करायची आणि कोणीतरी सांगायचं की भाव संकलनाच्या टेबलावर तयार होतो! आमच्या वर्गात यावरून नट होऊ पाहणाऱ्यांची आणि संकलक होऊ पाहणाऱ्यांची चांगली जुंपली होती.

मराठी वाचकाला तर हे तिन्ही कधी फारसे वेगळे नव्हतेच. ‘अर्धसत्य’ घ्या, १९८३. कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. कथाकार, नाटककार, कवी, आणि मुळात छायालेखक असलेला दिग्दर्शक. याच निहलानींनी १९७१ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं छायाचित्रण केलं होतं, सत्यदेव दुबेंनी तेंडुलकरांच्या नाटकावरून केलेल्या सिनेमाचं. त्या नाटकात शेवटी नायिका बेणारेचं लांब स्वगत आहे आणि ते चालू असताना बाकीची पात्रं गोठलेली असतात. कादंबरीत मनातलं बोलायला कोणाला गोठवावं लागत नाही. सिनेमात नुसता चेहरा जवळ घेतला की बाकीचे आपोआप फ्रेमबाहेर जातात. रंगमंचावर मात्र ती सगळी माणसं तिथेच बसलेली आहेत, त्यांचं काय करायचं? ती तिथे असूनही ऐकत नाहीत, ही त्या स्वगताची खरी धार. फक्त संहिता वाचणाऱ्याच्या हातून ती सहज निसटते, कारण पानावर गप्प बसलेलं पात्र दिसतच नाही.

आता अर्धवट राहण्याबद्दल. राहतं. खोटं कशाला सांगू. नुसतं साहित्य शिकणारी माझी मैत्रीण माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कविता आणि भाषेचा इतिहास वाचून बाहेर पडली. नुसता सिनेमा शिकलेल्यांचा हात कॅमेऱ्यावर जसा बसतो तसा माझा बसला नाही, आणि रोज आवाज-शरीरावर काम करणाऱ्या नटांशी तर तुलनाच नको. तुम्हाला नट किंवा छायालेखकच व्हायचं असेल, आणि ते आजच पक्कं असेल, तर त्या कामाच्या शाळेत जा. पक्कं नसेल, किंवा लेखन, दिग्दर्शन, संपादन, समीक्षा, शिकवणं असलं काही डोक्यात असेल, तर हे अर्धवटपण फारसं नडत नाही. माझं रोजचं काम तर त्यावरच चालतं. पटकथेत “त्याला आपलं बालपण आठवतं” असं वाक्य आलं की मी पेन्सिलीने रेघ मारते: हे दिसणार कसं? कादंबरीकार सिनेमा लिहायला बसला की हे वाक्य हमखास येतं. नाटककार बसला की दुसरंच दुखणं, पात्रं एका खोलीतून हलतच नाहीत आणि सगळं बोलून दाखवतात.

एक व्यावहारिक त्रास कोणी आधी सांगत नाही, तो वेळापत्रकाचा. वाचन एकट्याने आणि रात्री होतं, तालीम सगळ्यांनी मिळून आणि संध्याकाळी, चित्रीकरण उजेड असेल तेव्हा. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात कादंबरीवरचा निबंध द्यायचा असतोच. आणि गटातला एक जण तालमीला येत नाहीच, तो प्रत्येक वर्षी असतो, फक्त नाव बदलतं.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातले फोटो बघू नका, विषयांची यादी बघा. तिन्ही विभागांचे पेपर शेजारी शेजारी मांडलेत, की माध्यमांतरासारखा (म्हणजे कथेचं नाटक, नाटकाचा सिनेमा करण्याचा) एखादा पेपर आहे जिथे ते एकत्र येतात आणि दोन शिक्षक मिळून शिकवतात? असा एकही नसेल तर ते तीन वेगळे अभ्यासक्रम आहेत, जोडकाम तुम्हालाच करावं लागेल. शेवटच्या वर्षी प्रबंधाऐवजी प्रयोग किंवा लघुपट करता येतो का, आणि केला तर त्याबरोबर लेखी टिपण द्यावं लागतं का, तेही विचारा. टिपण मागत असतील तर चांगलं लक्षण समजा. तिथल्या मुलांना गाठून विचारायचं तर एकच विचारा: नाटक वर्गात बसून वाचतात की उभं राहून?

आणि अर्ज भरण्याआधी एक करा. तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या कथेतलं एक पान घ्या, शक्यतो असं, ज्यात कोणी फारसं बोलत नाही. ते आधी नाटकाचा प्रवेश म्हणून लिहा, रंगसूचनांसकट. मग तेच सिनेमाचं दृश्य म्हणून लिहा, आणि त्यात “त्याला वाटलं”, “तिला आठवलं” असं एकदाही येऊ देऊ नका. दोन्ही वाईट होतील, माझे तर भयंकर झाले होते. आठवडाभर कागद बाजूला ठेवा. त्यानंतर कोणीही न सांगता त्यातला कोणता कागद दुरुस्त करायला तुम्ही परत बसलात, ते मला सांगा. दोन्ही घेऊन बसला असाल तर अर्ज भरून टाका.