आरोग्य-शंका : हिरड्या, निळे डाग आणि ‘क’ जीवनसत्त्व

प्रश्न : सासरे ७२ वर्षांचे, गावी एकटेच राहतात. सकाळी चहा-बटर, दोन्ही वेळा भाकरी, भात, आमटी. फळ, कोशिंबीर नाही, तंबाखू चालू. दोन महिन्यांपासून पाय दुखतात, पोटऱ्यांवर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. वयामुळं असेल का?
– वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : वयावर ढकलू नका. पोट भरतंय, पण ताटात कच्चं काहीच नाही, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वाची कमतरता (स्कर्व्ही) असू शकते. हे जीवनसत्त्व शरीर स्वतः बनवत नाही. साठा जेमतेम दीड ग्रॅमचा. आहारातून जवळपास काहीच मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन (कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्यांना बळकटी देणारं प्रथिन) पक्कं होत नाही. मग बारीक रक्तवाहिन्या फुटतात, जखमा भरत नाहीत.

नडगीची कातडी उजेडात नीट बघा. प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल-जांभळा ठिपका आणि केस स्प्रिंगसारखा वळलेला, ही खूण बोलकी असते. हिरड्या दात असतील तिथंच सुजतात. दात पडलेली जागा बहुधा चांगली राहते.

तरी घरी निदान करू नका. नुसतं हिरड्यांतून रक्त बहुतेकदा दातांवरच्या किटणानं येतं. निळे डाग प्लेटलेट कमी झाल्यानं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही पडतात. रक्ततपासणी करून घ्या, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा, मनानं बंद करू नका. कमतरता ठरली तर सहसा १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देतात. थकवा एक-दोन दिवसांत उतरू लागतो, डाग जायला काही आठवडे लागतात. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर कारण दुसरं आहे.

चावता येत नसेल तर पिकलेला पेरू चमच्यानं खरवडून चाळणीतून गाळा. १०० ग्रॅम गरात साधारण २०० मिलिग्रॅम मिळतं; पुरुषाची रोजची गरज ८०. तंबाखूनं तोंडात पांढरा चट्टा किंवा तीन आठवडे न भरणारी जखम दिसली, तर ते प्रकरण वेगळं; लगेच दाखवा.

प्रश्न : आम्ही आमटी उकळतानाच लिंबू पिळतो. चालतं ना?
– वाचक, खानापूर

उत्तर : चवीला चालतं, जीवनसत्त्वाला नाही. पिळायचं ते ताटात. पण एका लिंबाच्या रसात फार तर १०-१५ मिलिग्रॅम, त्यामुळं सगळी भिस्त लिंबावर नको. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, कच्ची ढबू मिरची हे खरे भरवशाचे. तुमच्याकडं उन्हाळ्यात काजूची बोंडं मिळतात. घसा धरू नये म्हणून फोडींना मीठ लावा. कोबी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवला की जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. खायचा सोडा घातला की आणखी नासतं. मोड आलेल्या मुगातही थोडं तयार होतं, पण उसळ रटरटवली की फारसं उरत नाही.

प्रश्न : सर्दी होऊ नये म्हणून रोज १००० मिलिग्रॅमची गोळी घेऊ का?
– वाचक, बेळगाव

उत्तर : नको. रोज घेतली तरी सर्दी टळत नाही; झालेली फार तर थोडी लवकर आटोपते. मूतखडा झालेल्यांनी मोठे डोस टाळावेत. मधुमेह असेल तर आणखी एक अडचण : मोठ्या डोसनंतर काही ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं तर साखर धोकादायक खाली जाते.