सगळ्यांचा सर्व्हर मीच चालवू का?

प्रश्न : मी घरी जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःपुरतं नेक्स्टक्लाउड (फाइली-फोटो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर) चालवतो. आता बहीण, तिचे सासरे आणि दोन मित्र म्हणतात, आमचे फोटो आणि ईमेलही तुझ्याकडेच ठेव. हो म्हणू, की प्रोटॉनसारखी, ईमेल आणि फाइली कुलूपबंद ठेवणारी सेवा सुचवू?

उत्तर : ईमेलला सरळ नाही म्हणा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आली हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) सगळं बिनचूक लावलं, तरी घरच्या आयपी पत्त्यावरून गेलेली मेल मोठ्या सेवा बऱ्याचदा स्पॅममध्ये टाकतात किंवा परत पाठवतात. २०२४पासून गूगलचे मेल स्वीकारण्याचे नियम आणखी कडक झालेत. सासऱ्यांचा अर्ज कुठे अडकला, याचा जाब तुम्हालाच विचारला जाईल.

फोटोंचं वेगळं आहे. तिथे मला खटकतं ते असं : नेक्स्टक्लाउडच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हर चालवणाऱ्याला सगळ्यांच्या फाइली उघडता येतात. प्रोटॉन ड्राइव्ह किंवा एन्टे या साठवणीच्या सेवांमध्ये फोटो फोनवरच कुलूपबंद होऊन जातात, कंपनीलाही ते दिसत नाहीत. म्हणजे मंडळी कंपनीच्या नजरेतून सुटून तुमच्या नजरेखाली येणार. बहिणीला चालेलही. सासऱ्यांना विचारलंत?

आणि तुम्ही आजारी पडलात, तर अपडेट कोण करणार?

मी फक्त बहिणीचे फोटो ठेवले असते, तेही एक प्रत तिच्याकडच्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या अटीवर. बाकीच्यांना एन्टे किंवा प्रोटॉनचं खातं शेजारी बसून उघडून द्या. रिकव्हरीचे शब्द (पासवर्ड विसरला तर खातं उघडायला सेवा देते ते) मात्र त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. पासवर्डही विसरला आणि ते शब्दही हरवले, तर जुने फोटो कंपनीलाही उघडून देता येत नाहीत.