समुद्रात घुसलेल्या भूशिरावरच्या प्रागैतिहासिक किल्ल्यांना तट एकाच बाजूला का असतो?

कारण उरलेल्या बाजू उभे कडे आणि समुद्रच सांभाळतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला ट्रेरीन दिनास आहे, लोहयुगातला. ग्रॅनाइटचं भूशिर जिथे जमिनीला जोडलंय, तिथे आडवे बांध आणि खंदक, तेही एकामागे एक. शत्रू येणार तो तिथूनच, मग मेहनतही तिथेच. अशा जागी लोक बारमाही राहत की संकटापुरता आसरा घेत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वारा बघता मला दुसरं जास्त पटतं.

याच टोकावर लोगन रॉक हा डुलणारा प्रचंड धोंडा आहे. १८२४ मध्ये नौदलाच्या गोल्डस्मिथ नावाच्या लेफ्टनंटने खलाशांकरवी तो पाडला. गावकरी असे खवळले की दोर-कप्प्या लावून त्यालाच तो परत वर चढवावा लागला.