रेल्वे अपघाताची भरपाई : चौकशी अहवालासाठी थांबू नका

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहते. माझे पती गवंडीकामासाठी परराज्यात निघाले होते. वाटेत गाडी रुळावरून घसरली आणि त्यात ते गेले. याला आता दहा महिने होत आले. जनरल डब्याचं तिकीट बेळगाव स्टेशनवर रोख पैसे देऊन काढलं होतं, ते सापडलं नाही. रेल्वेकडून पाच लाख मिळाले, तेव्हा मी पावतीवर सही केली. दीर म्हणतात, तोच शेवटचा हिशेब, पुढे काही मिळणार नाही. आणि मिळालंच तर त्यात त्यांचाही वाटा. गावातली मंडळी फार संतापलेली आहेत. त्यांचं म्हणणं, चौकशीचा अहवाल येऊ दे, मग सगळे मिळून हायकोर्टात जाऊ. तोवर कुणी एकट्याने अर्ज करून केस कच्ची करू नये. मुलं लहान आहेत, सासूबाई आमच्याकडेच असतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी तारखेचं बोलू. रेल्वे दावा न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा अर्ज अपघाताच्या दिवसापासून एका वर्षात दाखल व्हावा लागतो. तुमच्या हातात जेमतेम दोन महिने उरलेत. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण ‘गावाने थांबायला सांगितलं’ हे कारण न्यायाधिकरण मानेलच असं नाही. म्हणून या आठवड्यातच कागद गोळा करायला लागा.

चौकशी अहवालाचा तुमच्या दाव्याशी काही संबंध नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १२४ सांगतं की गाडी घसरून किंवा टक्कर होऊन प्रवासी दगावला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. रूळ तडकला होता, सांधा निखळला होता की घातपात होता, यावर मोबाईलवर कितीही वाद चालू देत, तुमचा हक्क त्यापायी अडत नाही. रक्कमही ठरलेली आहे. १ जानेवारी २०१७ पासूनच्या अपघातांत मृत्यूसाठी आठ लाख. गवंड्याला आठ आणि साहेबाला जास्त असं इथे नाही.

मिळालेले पाच लाख म्हणजे बहुधा सानुग्रह मदत, म्हणजे कायद्याच्या भरपाईखेरीज रेल्वेने आपणहून दिलेली रक्कम. रेल्वे बोर्डाने सप्टेंबर २०२३ मध्ये ही रक्कम पन्नास हजारांवरून पाच लाख केली. ती आठ लाखांतून वजा होत नाही, आणि तिच्या पावतीवर सही केली म्हणून दावा संपत नाही. पावतीची प्रत मात्र मिळवा आणि तीवर ‘सानुग्रह’ लिहिलंय की ‘अंतरिम मदत’ ते पाहा. कलम १२६ खालची अंतरिम मदत असेल तर तेवढी रक्कम पुढच्या भरपाईतून वळती होते. ही पावती आणखी एका कामाला येते : तुमचे पती या अपघातात गेले, हे रेल्वेने स्वतः मान्य केल्याचा तो कागद आहे.

तिकिटाची धास्ती सोडा. रीना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की केवळ तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्रावर हकिकत सांगायची : कधी निघाले, कुठून कुठपर्यंतचं तिकीट होतं, स्टेशनवर कोण सोडायला गेलं, शेवटचा फोन कधी आला. मग ते वैध प्रवासी नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. त्यांच्यासोबत गावातलं किंवा कामावरचं कुणी त्याच डब्यात होतं का, विचारा. वाचलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र फार वजनदार ठरतं. त्याच निकालाप्रमाणे अपघाताच्या दिवसापासून व्याजही देता येतं, म्हणून अर्जात व्याजाची मागणी लिहायला विसरू नका.

अशा दाव्यांत खरी अडचण होते ती नावांची, आणि सीमाभागात तर हमखास. आधारवर इंग्रजीत एक स्पेलिंग, रेशनकार्डावर कन्नडमध्ये दुसरं, परराज्यातल्या पोलिसांनी हिंदीत केलेल्या पंचनाम्यात वडिलांचं नाव गळालेलं आणि आडनावाच्या जागी गावाचं नाव. रेल्वेचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. ओडिशातल्या बालासोरच्या २ जून २०२३ च्या रेल्वे अपघातात कित्येक मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीपर्यंत गेली, आणि शेवटी २८ मृतदेह बेवारस म्हणून दहन करावे लागले. तुमच्याकडे ओळख पटलेली आहे, तेवढी ती कागदावर एकसारखी करून घ्या. मृत्यूचा दाखला खानापुरात मिळणार नाही. पंचनाम्यात मृत्यूचं जे ठिकाण लिहिलंय तिथल्या नोंदणी कार्यालयातून तो घ्यावा लागतो, आणि त्यातली चूकही तिथेच दुरुस्त होते. याला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथून करा. सोबत मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृतदेह ताब्यात घेतल्याची पावती यांच्या प्रती रेल्वे पोलिसांकडून मागवा. नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) वंशावळ आणि हयात कुटुंबीयांचा दाखला काढा. वेगवेगळ्या कागदांवरची सगळी नावं जशीच्या तशी देऊन ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करा. कन्नड आणि मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा.

आता वाट्याचं. इथे ‘वारस’ कोण हे बघत नाहीत, ‘अवलंबून’ कोण हे बघतात, आणि त्याची व्याख्या कलम १२३ मध्ये आहे. तुम्ही आणि मुलं त्यात आहातच. सासूबाई मुलाच्या कमाईवर पूर्ण किंवा काही अंशी अवलंबून असतील तर त्याही येतात, आणि तुमच्या घरी राहतात म्हणजे येतातच असं मी धरतो. सज्ञान दीर त्या व्याख्येत कुठेच बसत नाहीत. त्यांचा एक पैशाचाही हक्क नाही. अर्ज एकच करा, त्यात सासूबाईंचं नाव घाला. एका आश्रिताने केलेला अर्ज कायद्याने सगळ्या आश्रितांसाठीच असतो. म्हातारीला वगळलंत तर तीच हरकत घेऊन दीर दावा रेंगाळवू शकतात, आणि मुळात तो सासूबाईंचा हक्कही आहे. मुलांच्या वतीने पालक म्हणून सही तुमची.

तिकीट बेळगावचं, म्हणून अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या बेंगळूर खंडपीठात चालतो. अपघाताच्या राज्यात हेलपाटे घालण्याची गरज नाही. नमुना क्रमांक दोन, तीन प्रती, फी नाही. रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवता येतो, पण तो कार्यालयात पोहोचेल तो दिवस धरतात, टाकलेला नाही. बेळगाव न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे. स्त्री म्हणून तुम्हाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१०० वर करा. ‘इतके टक्के द्या, सगळं करून देतो’ म्हणणारा कुणी घरी आला तर त्याच्या हाती मूळ कागद किंवा सही केलेला चेक देऊ नका. वकिलाला निकालाच्या रकमेवर टक्का ठरवून फी घेता येत नाही.

पतींचं बँक पासबुकही काढा. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाखांचा. ४३६ रुपये दिसले तर जीवन ज्योती, आणखी दोन लाख. जनरल तिकिटावर रेल्वेचा प्रवास विमा नसतो, तो ऑनलाइन काढलेल्या आरक्षित तिकिटावर घ्यावा लागतो. पण बँकेचे हे विमे त्यापासून वेगळे आहेत आणि आठ लाखांच्या आड येत नाहीत. बँकेला लगेच लेखी कळवा, मुदत टळली असेल तरी अर्ज देऊन पोच घ्या.

गावकऱ्यांचा राग योग्य आहे, आणि तुम्ही भरपाई घेतल्याने त्यांची लढाई कच्ची होत नाही. निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा आणि सुरक्षेची जनहित याचिका हे दोन्ही वेगळे मार्ग आहेत. त्यांना माझ्यातर्फे एवढं सांगा की मागणी नेमकी करा. मोर्चात सगळीकडे ‘कवच बसवा’ हीच घोषणा असते. कवच ही रेल्वेची स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा. ते गाड्यांची टक्कर टाळतं, लाल सिग्नल ओलांडणारी गाडी थांबवतं. तडकलेल्या रुळावरून घसरणारी गाडी ते थांबवू शकत नाही. गाडी घसरली असेल तर प्रश्न रुळाचे आणि डब्यांचे विचारावे लागतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालात तपासलेल्या घसरणीच्या घटनांपैकी १७१ मागे रुळांची देखभाल हे कारण निघालं होतं. म्हणून संबंधित विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांच्या फीसह अर्ज करून विचारा : त्या पट्ट्यात रुळांची अल्ट्रासॉनिक तपासणी शेवटची कधी झाली, त्यात दोष कुठे दाखवले, ते रूळ कधी बदलले, वेगमर्यादा लावली होती का, ट्रॅकमनच्या किती जागा रिकाम्या होत्या. उत्तराची मुदत तीस दिवस. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वेच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. चौकशी अजून चालू असेल तर वाचलेल्या प्रवाशांनी आपलं म्हणणं त्यांना लेखी पाठवावं.

गावच्या निवेदनावर सही करायची असेल तर जरूर करा. फक्त ‘पूर्ण भरपाई मिळाली’ किंवा ‘वेगळा दावा करणार नाही’ अशी ओळ त्यात नाही ना, हे आधी पाहा. मजकूर कन्नडमध्ये असेल तर विश्वासातल्या माणसाकडून शब्द न् शब्द मराठीत समजून घेतल्याशिवाय पेन उचलू नका.