सावली सोड, उन्हात जा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. झोप कितीही झाली तरी पुरत नाही, प्रयोगशाळेत जाताना अंधार आणि परतताना अंधार, शेजारच्या खोलीतल्या मुलीने भांडं जरी आपटलं तरी डोकं फिरतं, आणि आईने फोनवर ‘काय करायलीस?’ विचारलं की रडू येतं. हे सगळं लिहून शेवटी विचारतेस, ‘सर, मी आळशी झाले का?’

नाही झालीस. तुझ्या कॅनडातल्या सास्काटूनला २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. धड पावणेआठ तासांचाही दिवस नाही. त्याच दिवशी लातूरला अकरा तास उजेड असतो. सकाळचा उजेड डोळ्यांवाटे आत गेला की मेंदूतलं घड्याळ लागतं, म्हणजे झोप कधी यावी, जाग कधी यावी, भूक कधी लागावी हे ठरतं. उजेडच उशिरा आणि थोडा आला की ते घड्याळ मागे पडतं. माणूस जास्त झोपतो, गोड आणि पिठूळ खायला मागतो, चिडतो, लोकांत जायचं टाळतो. अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या या नैराश्याचं रीतसर वर्णन केलं. सगळ्यांनाच तो आजार होतो असं नाही, पण त्याची सौम्य झळ तिकडच्या पुष्कळ लोकांना दरवर्षी लागते. मी तिथे असताना मलाही लागायची.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या खोलीचे पडदे ओढलेले आहेत ना? मला न विचारताच खात्री आहे. कारण आपल्याकडे पोर चालायला लागलं की त्याला पहिलं शिकवतात ते ‘उन्हात जाऊ नको’. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसवर गेला की शेतातली कामं पहाटे उरकायची, अकराच्या आत घरी यायचं, दारं-खिडक्या लावायच्या, दुपार झोपून काढायची. बाहेरची हवा वैरी झाली की आत बसणं हेच शहाणपण, आणि ते पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. तू ते नकळत सोबत घेऊन गेलीस. तिथे मात्र ते उलटं पडतं. बाहेर उणे पंचवीस आहे म्हणून आत बसलीस की थंडीपासून वाचतेस आणि उजेडाला मुकतेस. तुझा त्रास निम्म्याहून अधिक उजेडाचा आहे, थंडीचा कमी.

म्हणून दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास बाहेर चाल. रोज. नदीकाठच्या वाटेने जा. उजेड लक्समध्ये मोजतात. वर्गातल्या नळीच्या दिव्याखाली तीन-चारशे लक्स उजेड मिळतो. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो, आणि तुझ्या नशिबाने सास्काचेवान हा कॅनडातला सर्वाधिक उन्हाचा प्रांत आहे. व्हॅन्कूव्हरला गेलेल्या तुझ्या मैत्रिणीला हवा ऊबदार मिळाली असेल, पण ती महिनाभर ढगांखाली बसते. तुझ्याकडे निळं आभाळ आहे आणि खाली बर्फ, तोही उजेड परत फेकतो.

बाहेर पडायचं तर कपडे नीट हवेत. एकच जाडजूड जॅकेट आणि आत सुती बनियन हा आपल्या मुलांचा ठरलेला घोटाळा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तेच अंग गारठवतं. अंगालगत लोकर घाल, तिच्यावर आणखी एक ऊबदार थर, आणि वाऱ्यासाठी सर्वांत वर जॅकेट. पावसात भिजूनही धनगर घोंगडी टाकत नाही, ते उगीच नाही. ओली लोकरही ऊब देते. तिकडच्या हवामान खात्याचा ‘विंड चिल’ आकडा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी, मात्र रोज बघ. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली तर पाच-दहा मिनिटांत. अशा दिवशी हट्ट नको.

त्या दिवसांसाठी दिवा घे. दहा हजार लक्सचा, खास याच कामासाठी मिळतो. उठल्यावर लगेच, चहा पिताना, वीस-तीस मिनिटं समोर थोडा बाजूला ठेवायचा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. डोळ्यांचा विकार असेल किंवा मन कधी फार उसळून जात असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही त्यांनाच विचार, कारण त्या अक्षांशावर ऐन हिवाळ्यातलं ऊन कातडीला ते बनवू देत नाही. दुपारचं चालणं त्यासाठी नाही, डोळ्यांसाठी आहे.

थंडीशिवाय गहू फुलत नाही वगैरे उपदेश मी करणार नाही. तिकडच्या हिवाळी गव्हाला ते लागू आहे, आपल्या रब्बीच्या गव्हालाही नाही, आणि तू गहू नाहीस.

एक इशारा आताच देतो. तुला वाटेल डिसेंबर गेला की सुटले. दिवस वाढतो हे खरं, मार्चमध्ये तर रोज चारेक मिनिटांनी. पण सर्वांत कडक थंडी जानेवारीत पडते आणि बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. माणसं मोडतात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण तोवर त्यांनी मनात एक तारीख धरलेली असते. आपल्याकडे मृग कोरडा गेल्यावर जे होतं तेच. ढग येतात, वारा सुटतो, पुन्हा आभाळ मोकळं. मेच्या तलखीत न खचलेला माणूस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खचतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा तू शाळेत होतीस. पाऊस कधी, यावर पारावर रोज वाद व्हायचे, पण घर चालवणाऱ्या बाया त्या वादात नसायच्या. आज टँकर कधी, घागरी किती, कपड्यांचं पाणी झाडाला की संडासला, एवढंच त्या बघायच्या. तूही कॅलेंडरवर फुल्या मारू नकोस. उद्याचं चालणं, उद्याचा दिवा, उद्याचा एक प्रयोग, बस.

आणि वेळअमावस्या कर. हसू नकोस. ऐन थंडीत, मार्गशीर्षाच्या अमावस्येला, लातूर-धाराशिवकडे अख्खं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप, आत पूजेला मांडलेले पांडव, ‘ओलगे ओलगे’चा पुकारा, आणि ज्याला शेत नाही त्याला आग्रहाने बोलावणं. त्या दिवशी शहरातला रस्ता ओस पडतो. थंडीत माणसांना उंबऱ्याबाहेर काढून एका पंगतीला बसवायची इतकी चांगली युक्ती मला दुसरी माहीत नाही. तुला शेत नाही, वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर तर आहे. भज्जीला तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे गोठवलेले मिळतील, बेसन-चिंच मिळेल, पालेभाजी मिळेल. आंबिलीसाठी जोंधळ्याचं पीठ भारतीय दुकानात असतं. आदल्या रात्री भिजवून ठेव, पण तिथल्या थंडीत लवकर आंबणार नाही, हीटरजवळ ठेव. बाजरीचे उंडे जमले तर ठीक. भांडं आपटणाऱ्या मुलीला सगळ्यांत आधी बोलाव. मराठी माणसं शोधत बसू नकोस. खाऊन झालं की सगळ्यांना घेऊन बाहेर एक चक्कर मार.

हे सगळं करूनही दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, जेवणखाण-झोप बिघडलेलीच राहिली, तर विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जा. सल्ला, समुपदेशन, लागली तर औषधं, हे सगळं तिथे आहे आणि त्यात कमीपणा नाही. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटलं तर आठवड्याची वाट बघायची नाही. कॅनडात कुठूनही, रात्री-अपरात्री, ९८८ या मदतीच्या नंबरला फोन किंवा मेसेज करता येतो. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेव. मलाही फोन कर, आपल्याकडे किती वाजलेत हे बघू नकोस.

आईला पत्रातलं सगळं सांगायची गरज नाही, पण ‘इकडे उजेड कमी असतो म्हणून मन उदास होतं’ एवढं सांग. तिला कळेल. ‘मी ठीक आहे’वर तिचा विश्वास बसत नाही, काल बाजारात भेटली तेव्हा म्हणाली.

एक काम आहे. इथल्या भुसार बाजारातले आमचे ओळखीचे आडते विचारायलेत की यंदा तुमच्याकडचे शेतकरी मसूर आणि पिवळा वाटाणा जास्त पेरणार की कमी. तिकडचा वाटाणा जहाजात चढला की इथे तुरीचा भाव हलतो, म्हणून त्यांना घाई. तुझ्या विभागातल्या लोकांना विचार, आणि जमलं तर दुपारी चालता चालताच विचार. उत्तर सविस्तर लिही.

तुझे,
सर