१९७१ चे युद्ध सुरू झाल्याचे तुम्हाला कसे कळले?

आपण विचारले आहे की, १९७१ चे युद्ध सुरू झाल्याची बातमी त्या वेळच्या सामान्य घरांत कशी पोहोचली. मी आमच्या घरापुरते सांगतो. आम्हाला ती ४ डिसेंबरच्या सकाळी वर्तमानपत्रातून कळली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि आम्ही सदाशिव पेठेतील एका वाड्यात राहत होतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पाकिस्तानी विमानांनी पठाणकोट, अमृतसर, श्रीनगर येथील विमानतळांवर हल्ले केले होते. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या वेळी कलकत्त्यात होत्या. दिल्लीला परतून त्या आकाशवाणीवरून बोलल्या, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आमचा रेडिओ दुरुस्तीला दिलेला होता आणि घरात निजानीज लवकर होत असे, त्यामुळे ते भाषण आमच्यापैकी कोणीही ऐकले नाही.

शनिवार असल्याने माझी शाळा सकाळची होती. आजी बंबात ढलप्या सारत होती. एरवी चहा घेत मनातल्या मनात वाचणारे वडील त्या दिवशी दारातच, उभ्याने, मोठ्याने वाचू लागले आणि हल्ला झालेल्या ठिकाणांत पठाणकोटचे नाव येताच थांबले. माझे धाकटे काका हवाई दलात होते व त्यांची नेमणूक तेथेच होती. आजीला वाचता येत नसे. तिने हात पदराला पुसून अंक मागून घेतला आणि विचारले, "कुठं लिहिलंय ते?" वडिलांनी त्या शब्दावर बोट ठेवले. ती बराच वेळ तेथे पाहत राहिली.

हल्ल्याला तोवर बारा तास होऊन गेले होते. काकांचे जे व्हायचे ते आम्हाला काही कळायच्या आतच होऊन गेले असणार, हा विचार मला त्या वयातही सहन झाला नाही, आणि आजही त्या सकाळचे मला सर्वांत जास्त हेच आठवते.

त्याच दिवशी आम्ही खिडक्यांच्या काचांवर खळीने रद्दीचे कागद चिकटवले. तो अंक मात्र आजीने रद्दीत जाऊ दिला नाही. घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवला. काकांचे आंतर्देशीय पत्र आले, ते ढाक्यातील शरणागतीनंतर, डिसेंबर संपता संपता. वडिलांनी ते दोनदा वाचून दाखवले, तेव्हा आजीने देव्हाऱ्याखालचा अंक काढून त्यांच्या हातात दिला.