एका दिवसात मलाक्का

प्रश्न : क्वालालंपूरहून एका दिवसात मलाक्का होईल का? खायचं काय?

उत्तर : होईल, पण शुक्रवार ते रविवारच गाठा, जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार तेव्हाच भरतो. बसला साधारण दोन तास लागतात आणि ती जुन्या शहरापासून लांब उतरवते, तिथून टॅक्सी करा. टेकडीवरचं सेंट पॉल चर्च ऊन चढण्याआधी उरका. १५५३मध्ये फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव गोव्याला नेण्यापूर्वी इथेच ठेवलं होतं. खाली पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला दरवाजा आहे. दुपारी कोंबडीसोबत भाताचे गोळे, मग चेंडोल : किसलेला बर्फ, हिरव्या शेवया, नारळाचं दूध, माडाचा गूळ. गूळ तळाशी बसतो, लगेच ढवळा. रेंगाळलात तर नुसतं गोडसर पाणी उरतं. शाकाहारींनी लाक्सा (नारळाच्या दुधातलं तिखट नूडल सूप) टाळावा, वाटणात कोळंबी असते.